नसांच्या दुखण्याची गोळी आणि वाढणारं वजन : कोणत्या क्रमाने काय करायचं

फोंड्याजवळच्या आमच्या फार्मसीत मी वीसेक वर्षं काउंटरवर उभी आहे. मधुमेहाने रात्री तळपायांची आग होणारे, नागीण बरी होऊनही बरगडीवर चटके सोसणारे, कंबरेतून पोटरीपर्यंत कळ जाणारे, असे लोक रोज येतात. त्यांना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. हे खरं आहे, मनाचा खेळ नाही. अडचण पुढे येते. कुणी वजन वाढलं म्हणून गोळी एका दिवसात बंद करतं आणि चौथ्या रात्री झोप उडालेल्या अवस्थेत परत येतं. कुणी वर्षभर काहीच बोलत नाही आणि मग एकदम आठ-दहा किलोंची तक्रार घेऊन येतं. दोघांनाही मी एकच विचारते, "गोळी सुरू केली त्या दिवशी वजन किती होतं?" बहुतेकांकडे उत्तर नसतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. म्हणजे ही औषधं आपल्याकडे वाड्यावाड्यावर आहेत. म्हणून खालचा क्रम नीट वाचा आणि शक्यतो त्याच क्रमाने करा.

टप्पा १ : आधी गोळीचं खरं नाव शोधा

"नसांची गोळी", "शिरांची गोळी", "लाल-पांढरी कॅप्सूल" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. औषधाचं मूळ नाव त्याच्या आसपास बारीक अक्षरात छापलेलं असतं. आपल्याला ते बारीक नाव हवं.

इथे एक घोळ आम्हीच घालतो. कुणी पाचच गोळ्या मागितल्या की आम्ही कात्रीने स्ट्रिप कापतो, आणि नाव छापलेला तुकडा नेमका दुकानात राहतो. घरी जातो तो नुसता चकचकीत कागद, त्यावर "प्रेगा" एवढंच उरलेलं. तेव्हा नाव असलेला भाग मागून घ्या, किंवा काउंटरवरच पूर्ण स्ट्रिपचा मोबाईलवर फोटो काढा.

आता नावं. प्रेगाबालिन हे वजनाच्या बाबतीत सर्वांत जास्त तक्रारी आणणारं. १४ आठवड्यांपर्यंतच्या चाचण्यांत हे घेणाऱ्या साधारण ९ टक्के लोकांचं वजन मूळ वजनाच्या ७ टक्के किंवा त्याहून जास्त वाढलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २ टक्के होतं. डोस जितका मोठा आणि काळ जितका लांब, तितकी शक्यता जास्त. आधीपासून जाड असणाऱ्यांचंच वाढतं असंही नाही, सडपातळ माणसाचंही वाढतं. गॅबापेंटिन त्याचंच भावंड. वजन यानेही वाढू शकतं.

अमिट्रिप्टिलिन रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम देतात. याने भूक वाढते, विशेषतः गोडाची, आणि तोंड कोरडं पडतं. नॉरट्रिप्टिलिन त्याच घरातलं, पण सहसा थोडं सौम्य. ड्युलोक्सेटिन वजनाच्या बाबतीत बरंचसं तटस्थ आहे. सुरुवातीला काहींची भूक उलट कमीच होते.

आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र मिळतात. प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन हा जोड तर सर्रास. मिथाइलकोबालामिन हे बी-१२ जीवनसत्त्व, म्हणून लोक अख्ख्या गोळीला "व्हिटामिन" म्हणतात आणि मनाला येईल तेव्हा घेतात, सोडतात. प्रेगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकाच गोळीत असतील तर भूक वाढवणारी दोन औषधं तुम्ही एका घोटात घेताय.

*तपासा :* घरातल्या बाकीच्या गोळ्याही टेबलावर मांडा. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, पायोग्लिटाझोन, प्रेडनिसोलोन यांनीही वजन वाढतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने घोटे सुजतात. प्रेगाबालिन आणि पायोग्लिटाझोन एकत्र चालू असतील तर सूज आणि वजन दोन्ही वाढण्याची शक्यता जास्त, ते डॉक्टरांच्या कानावर लगेच घाला.

टप्पा २ : पहिलं वजन लिहून ठेवा

गोळी अजून सुरू केली नसेल तर आज संध्याकाळची पहिली गोळी घेण्याआधी वजन करा. सुरू करून महिने झाले असतील तरी हरकत नाही, जुने कागद चाळा. दवाखान्याच्या केसपेपरवर, शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीत, डायबेटीसच्या फाइलमध्ये कुठेतरी वजन लिहिलेलं सापडतं. बांबोळीच्या गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) जुना केसपेपर असेल तर त्याच्या कोपऱ्यातही बघा.

वजन करायची रीत ठरलेली ठेवा. सकाळी उठल्यावर शौचाला जाऊन, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत. काटा फरशीवर, चटईवर नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वारी. रोज रोज करू नका, रोजच्या चढउतारांनी माणूस हैराण होतो आणि चुकीचे निर्णय घेतो. (पायांना सूज असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र रोज करायचं, त्याविषयी पुढच्या टप्प्यात.) फार्मसीतल्या आणि बाजारातल्या काट्यांत किलो-दीड किलोचा फरक सहज निघतो, म्हणून काटा बदलू नका.

वजनाबरोबर कंबरेचा घेर टेपने बेंबीच्या रेषेत मोजा. एक स्वस्त वही घ्या आणि पाच रकाने आखा : तारीख, वजन, घेर, गोळीचा डोस, आणि दुखणं दहापैकी किती. शेवटचा रकाना लोक गाळतात. तो गाळू नका, डॉक्टरांना निर्णय घेताना सर्वांत उपयोगी तोच पडतो.

७ टक्के म्हणजे किती, हे आधीच काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ६० किलोच्या माणसाला ४.२ किलो, ७० किलोच्याला ४.९ किलो. पण तिथपर्यंत थांबायचं नाही. महिन्यात दोन किलो वाढले की मी लोकांना डॉक्टरांशी बोलायला सांगते. तेवढ्यावर आवरणं सोपं असतं.

*सावधान :* चतुर्थीच्या पंधरवड्यात वाढलेलं वजन गोळीच्या खात्यावर टाकू नका. नेवऱ्या, पातोळ्या, पाहुण्यांबरोबरची दुसरी पंगत, हे सगळं वहीत त्या तारखेसमोर लिहा. पुढचे तीन आठवडे बघा. उतरलं तर सणाचं, टिकलं किंवा वाढलं तर गोळीचा विचार करायचा.

टप्पा ३ : पाणी आहे की चरबी, हे ठरवा

सर्वांत जास्त चूक इथे होते. प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिनने अंगात पाणी साठून पाय सुजू शकतात. ती सूज म्हणजे खाण्याने आलेलं वजन नव्हे, आणि जेवण अर्धं करून ती जात नाही.

संध्याकाळी पाय खाली सोडून बसा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि अंगठा काढा. खळगा पडून तसाच राहिला तर ते पाणी आहे. कातडी लगेच वर आली तर बहुधा नाही. दोन्ही पायांवर करा. पायमोज्याच्या रबराचा वळ किती खोल उमटतो, चपलेचा पट्टा आणि बोटातली अंगठी आवळते का, तेही बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं ते असंच : पैंजण सकाळी सैल आणि रात्री रुतलेलं.

खळगा पडत असेल तर मिठाकडे वळा. आपल्याकडे जून-जुलैत मच्छीमारी बंद असते आणि ताटात सुकी मासळी येते. सुकी सुंगटं, खारवलेला बांगडा, शिवाय मिठातली तोरं (कच्चे आंबे), लोणचं, पापड. पावसाळ्यात "गोळीने पाय सुजले" म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत गोळी आणि खारं दोन्ही मिळून सूज आणतात. दोन आठवडे खारं बाजूला ठेवा आणि वहीत फरक नोंदवा. मूत्रपिंडाची तपासणी जुनी झाली असेल तर क्रिएटिनिन करून घ्या. प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन शरीराबाहेर जातात ती मूत्रपिंडांतून. ती अशक्त असतील तर नेहमीचा डोसही त्या माणसाला जास्त होतो.

*सावधान, यात वाट बघायची नाही :* दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, चालताना किंवा आडवं पडल्यावर धाप लागते, चेहरा किंवा ओठ सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेता येत नसेल तर १०८ ला फोन करा. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर ती रक्ताची गाठ असू शकते. तेल लावून चोळू नका, थेट रुग्णालय गाठा. हृदय कमजोर असलेल्यांनी सूज दिसताच रोज सकाळी वजन करावं.

सूज उतरवायला घरातल्या कुणाची "लघवीची गोळी" मात्र स्वतःहून घेऊ नका. सोडियम, पोटॅशियम घसरून माणूस चक्कर येऊन पडतो.

टप्पा ४ : भूक नेमकी कधी वाढली ते पकडा

सूज नसेल तर सात दिवस खाल्लेलं सगळं लिहा. उपदेशासाठी हे सांगत नाही. औषधाची भूक दिवसभर सारखी नसते, तिची एक वेळ असते आणि ती वेळ सापडली की अर्धं काम होतं.

अमिट्रिप्टिलिनवाल्यांचं बहुतेकदा असं दिसतं : रात्री नऊला गोळी, दहा-साडेदहाला फ्रिजचं दार. काहीतरी गोड. शिवाय तोंड सुकतं म्हणून दिवसभर सरबत, कोल्ड्रिंक, साखरेचा चहा. तोंडाच्या कोरडेपणाला भूक समजलं जातं. त्याला पाण्याचे छोटे घोट, बिनसाखरेचं सोलांचं पाणी, बडीशेप, साखर नसलेलं च्युइंग गम. गोळी साडेआठला घेऊन लवकर झोपणं जमेल का, हे डॉक्टरांना विचारा. फ्रिजच्या वेळेला माणूस झोपेत असला की प्रश्नच उरत नाही.

प्रेगाबालिनवाल्यांचं वेगळं. त्यांची जेवणं तीच राहतात, ताट मोठं होतं. शीत (भात) वाढायचा डाव तोच, पण दोनाचे तीन कधी झाले ते त्यांना आठवत नाही. त्यावर एकच सांगते, डाव मोजा. दुपारी दोन, रात्री एक, आणि ते वाढून झालं की भांडं टेबलावरून उचला. हुमणातली (माशांच्या कालवणातली) मासळी वाढवा, शीत नको. तळलेल्या रवा लावलेल्या तुकडीऐवजी तीच तुकडी हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात. ताटाचा अर्धा भाग भाजीचा : तांबडी भाजी, भेंडी, दुधी, वाल. नाश्त्याला पदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेत असाल तर कोंडा असलेली पोई घ्या आणि ती एकच. भाजी-पाव खायचा तर पाव ठरवून, भाजी हवी तेवढी, पण बटाट्याची सोडून. सकाळची पेज सोडू नका, तिने सकाळ भागते. फक्त दाट शिताचा गोळा तळाशी किती आहे ते बघा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी जेवण एकदम अर्धं करायचं नाही. साखर खाली जाऊन घाम, थरथर, अंधारी येते. खाणं कमी करायचं ठरलं की आधी साखरेच्या औषधाचा डोस डॉक्टरांबरोबर ठरवा.

खाण्याइतकंच हालचालीकडे बघा. या गोळ्यांनी झोप येते, दुपारची डुलकी दोन तासांची होते, आणि आधी देवळापर्यंत चालत जाणारा माणूस स्कूटरवर जायला लागतो. तिथेही वजन वाढतं, आणि ते खाण्याच्या नोंदीत सापडत नाही.

चालायला सांगताना मी नेहमी पायांची चौकशी करते. पाय बधिर असतील तर अनवाणी चालणं बंद, समुद्रकिनाऱ्यावर आणि तापलेल्या चिऱ्यांच्या अंगणातही. चटका बसल्याचं कळत नाही आणि फोड दोन दिवसांनी दिसतो. चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल तर मागे पट्टा असलेलीच वापरा. पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटीवर उतरू नका, घरातल्या सोप्यावर दहा-दहा मिनिटं तीन वेळा चाला. गोळी घेतल्यानंतर चक्कर येत असेल तर तो तास चालण्याचा नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, टाचा उचलणं, हेही चालतं.

*तपासा :* रोज रात्री तळपाय आरशात बघा किंवा घरच्या कुणाला बघायला सांगा. चालणं वाढवल्यावर पहिले पंधरा दिवस तर नक्कीच.

दारूचं एक बोलायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये उर्राक (काजूची दारू) येतो आणि "दोन पेगांनी काय होतं" हे मी दर वर्षी ऐकते. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांच्याबरोबर दारूने गुंगी कित्येक पटींनी वाढते, माणूस पडतो, श्वास मंदावू शकतो. वर दारूच्या उष्मांकाने वजन वाढतंच. डॉक्टरांना खरं सांगा, कारण रोज पिणाऱ्याला ड्युलोक्सेटिन देणं यकृताच्या दृष्टीने योग्य नसतं. तुम्ही लपवलंत तर ते नेमकं तेच औषध लिहून देतील.

टप्पा ५ : डॉक्टरांकडे जा, आणि तोपर्यंत गोळी चालू ठेवा

हा टप्पा पहिल्या चारांनंतरच आहे, कारण वही नसेल तर डॉक्टरांच्या पाच मिनिटांत काही ठरत नाही.

*सावधान :* गोळी एकदम बंद करू नका. प्रेगाबालिन अचानक सोडल्यावर झोप उडते, घाम येतो, मळमळ, डोकेदुखी, जुलाब, घाबरल्यासारखं होतं. क्वचित फिटही येऊ शकते. ही गोळी किमान एक आठवड्यात उतरवत आणायची असते, आणि बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर डॉक्टर त्याहून सावकाश उतरवतात. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिनही हळूहळू. शिवाय मूळ दुखणं परत उसळतं आणि माणसाला वाटतं रोगच वाढला.

अर्धी करून घेण्याचा बेतही धोक्याचा. कॅप्सूल उघडून अंदाजाने पावडर टाकून देऊ नका. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे पोटातल्या आम्लापासून वाचण्यासाठी लेप दिलेले असतात, ते फोडायचे नाहीत. नावापुढे "एसआर" किंवा "ईआर" असेल ती गोळी तोडली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

काय बोलायचं ते आधी घरी म्हणून बघा. "डॉक्टर, वजन वाढलं हो" एवढ्यावर "खाणं कमी करा" एवढंच उत्तर मिळतं, हे मी शेकडो वेळा ऐकलंय. असं सांगा : "डॉक्टर, प्रेगाबालिन ७५, दिवसातून दोनदा, चार महिन्यांपासून घेतोय. सुरू करताना वजन ६८ होतं, आता ७२.५. पायावर खळगा पडत नाही. दुखणं आठावरून चारावर आलंय. डोस कमी करता येईल का, की औषध बदलायचं?" आणि वही पुढे करा.

त्यानंतर डॉक्टरांसमोर बरेच रस्ते असतात. डोस खाली आणणं हा पहिला, कारण वजन डोसवर अवलंबून आहे. ड्युलोक्सेटिनकडे वळणं हा दुसरा. तुम्ही ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा उदासीनतेची गोळी घेत असाल तर ते आधी सांगा, ड्युलोक्सेटिनबरोबर त्यांची गाठ घातक पडू शकते. रक्तदाबही मोजून घ्या, तो ड्युलोक्सेटिनने वाढू शकतो. दुखणारी जागा हाताच्या पंज्याएवढीच असेल, जसं नागिणीनंतर होतं, तर लिडोकेनचा पॅच किंवा कॅप्सेसिनचं मलम लावून तोंडी डोस कमी ठेवता येतो का, हे विचारा. कॅप्सेसिन मिरचीचंच, लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्याला लागलं तर ब्रह्मांड आठवतं.

दोन तपासण्या मागून घ्यायला संकोचू नका. पहिली टीएसएच, कारण थायरॉइड मंदावल्यानेही वजन वाढतं आणि अंग जड होतं. दुसरी बी-१२. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ घसरतं आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. ते कमी निघालं तर मुंग्यांवरचा इलाज वेगळा असतो आणि नसांच्या गोळीचा डोस वाढवत नेण्याची वेळ टळू शकते.

वजनाने काही बिघडत नसेल आणि दुखणं नीट आटोक्यात असेल तर तीच गोळी चालू ठेवण्याचा निर्णयही योग्य असतो. रात्रभर जागं राहणाऱ्या माणसाला दोन किलोंच्या बदल्यात झोप मिळत असेल तर मी तरी त्याला गोळी सोडायला लावणार नाही. निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, फक्त आकडे समोर ठेवून.

टप्पा ६ : बदलानंतरचे सहा आठवडे

नवी चिठ्ठी मिळाली की उतरवण्याचं वेळापत्रक कागदावर लिहून मागा : कोणत्या तारखेपासून सकाळची किती, रात्रीची किती. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं. तो कागद आम्हालाही दाखवा, नाहीतर आम्ही जुन्याच ताकदीची स्ट्रिप देऊन बसतो. जुन्या उरलेल्या गोळ्या वेगळ्या डब्यात, वर "बंद" लिहून. नवी आणि जुनी दोन्ही एकत्र घेऊन दिवसभर गुंगीत पडलेले लोक मी पाहिलेत.

पहिले दोन आठवडे वजनाकडून अपेक्षा ठेवू नका, दुखण्याच्या रकान्याकडे बघा. ते दोन अंकांनी वर गेलं तर स्वतःहून डोस वाढवण्याऐवजी फोन करा. सूज असेल तर ती आधी उतरते, चरबीला महिने लागतात. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. डोस, जेवण आणि चालणं एकाच सोमवारी बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

सहाव्या आठवड्याला त्याच काट्यावर, चहाच्या आधी, वजन करा, घेर मोजा, नडगीवर अंगठा दाबून बघा आणि वही घेऊन परत जा. पुढची तारीख डॉक्टरांकडून निघतानाच लिहून घ्या.